पहाटे पडणारा ईएलसीबी आणि नाताळची माळ

वसईत डिसेंबरात पाऊस नसतो, पण दव पडतं, आणि तेवढं पुरतं. ओटीबाहेर लोखंडी पन्हाळीला बांधलेली विजेची माळ रात्रभर नीट चालायची. पहाटे मात्र ईएलसीबी (वीज कुठे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) पडायचा आणि अख्खं घर अंधारात. माळेची पिन काढली की सगळं सुरळीत, म्हणजे दोष तिच्यातच.

खोक्यावर आयपी २० असं छापलेलं होतं; आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून किती संरक्षण आहे ते सांगणारी खूण. यातला दुसरा आकडा पाण्याचा. शून्य म्हणजे पाण्यापासून संरक्षण नाहीच. दिव्यांच्या बुडाशी दव शिरून २३० व्होल्टचा प्रवाह पन्हाळीत झिरपत होता. त्याच पन्हाळीला मुलं हात लावतात. घरातला ईएलसीबी ३० मिलिअँपिअरचा, त्यानेच वाचवलं. तो पडतो म्हणून बायपास करायला कुणी सांगितलं, तर कृपा करून ऐकू नका.

बाहेरसाठी आयपी ४४ची, २४ व्होल्टवर चालणारी माळ आणली. ती कुठूनही उडालेलं पाणी सोसते. जिथे पाइपने पाणी मारता, त्या झाडावर आयपी ६५ बरी. एक गोष्ट बारकाईने बघा: माळ बाहेरची असली तरी तिचा अडॅप्टर बऱ्याचदा फक्त घरातला असतो. आमचा खिडकीच्या आत ठेवलाय, आणि वायर आत येण्याआधी तिला खाली झोळ दिलाय, म्हणजे थेंब तिथेच गळतात.

जुनी माळ पूर्ण वाळवून, वायर कुठे तडकली नाही ना हे पाहून, दिवाणखान्यातल्या नाताळच्या गोठ्यावर (येशूजन्माच्या देखाव्यावर) लावली. कोरड्यात ती उत्तम चालते.