नावाजलेला बैल फायनलला का मागे पडतो? या चुका टाळा

बैलगाडी शर्यतीत गटात (पहिल्या फेरीत) एकतर्फी पहिला, सेमीत सहज पास, आणि फायनलला तोच बैल तिसरा-चौथा. सातारा-सांगलीच्या मैदानांत हे दर हंगामात दिसतं. मग नजर लागली, चिठ्ठीत तास (गाडीला वाट्याला आलेला पळायचा मार्ग) खराब निघाला, सुटण्याचा झेंडा आधी पडला, अशी कारणं सुरू होतात. तास खराब असूही शकतो. पण पुणे जिल्ह्यातल्या घाटावरच्या शर्यतीसारखी आपली शर्यत घड्याळाशी नसते, शेजारच्या गाडीशी असते, आणि फायनल ही त्या बैलाची दिवसातली तिसरी पळी, म्हणजे धाव, असते. ती बहुतेकदा सेमीनंतरच्या रिकाम्या वेळात हरलेली असते.

आधी गाडी नेमकी कुठे मागे पडली ते पाहा. मोबाइलवर कुणी ना कुणी शूटिंग केलेलं असतंच. सुटतानाच राहिली तर दोष सुट्टीचा, म्हणजे रेषेवरून बैल सोडण्याचा. मध्यात तिरकी गेली तर पैरा (जोडीला बांधलेला दुसरा बैल), जू किंवा खांदा. शेवटच्या टप्प्यात पाय जड झाले तर दम, उष्णता, नाहीतर आदल्या आठवड्यातली पळापळ. यातल्या कशावरही खुराक वाढवणं हा उपाय नाही, आणि नेमका तोच सगळे करतात.

दोन फेऱ्यांच्या मधला वेळ

बैल पळून आला की लोक गुलाल उधळतात, फोटो काढतात आणि त्याला तिथेच दावणीला बांधतात. जोरात पळालेल्या बैलाला एकदम उभं करू नका. दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवा, म्हणजे स्नायूंतलं रक्त फिरतं राहतं आणि पाय आखडत नाहीत. मग सावली. मैदानावर झाड नसेल तर चार बांबू आणि शेडनेट सोबत न्या. पिकअपच्या बंद हौद्यात बैल ठेवणं म्हणजे सावली नव्हे. पत्रा तापला की आत बाहेरपेक्षा जास्त उकडतं.

पाणी मान, पोट आणि पायांवर पुन्हा पुन्हा ओता आणि हाताने निपटून काढा. ओलं पोतं पाठीवर टाकून ठेवायची सवय सोडा. थोड्या वेळात ते गरम होतं, त्याखाली वारा लागत नाही आणि अंगातली उष्णता कोंडते. प्यायला पाणी थोडं थोडं द्या, एका वेळी पाच-सहा लिटर. दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम गूळ आणि तीसेक ग्रॅम मीठ घालता येतं, पण त्याची चव घरी आधी लावलेली असावी. नवीन वासाचं पाणी बैल मैदानात तोंडाला लावत नाही.

थर्मामीटर शंभर-दोनशे रुपयांना मिळतो, तरी फार थोड्या गाड्यांसोबत असतो. बैलाचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. पळाल्यावर ते चढणारच. पण पाऊण तासानंतरही १०४ च्या वर असेल, श्वासागणिक कूस मिनिटाला साठपेक्षा जास्त वेळा हलत असेल, किंवा बैल तोंड उघडून लाळ गाळत धापा टाकत असेल, तर फायनल सोडा आणि मैदानावरच्या पशुवैद्यकाला दाखवा. डिसेंबर-जानेवारीत, पुसेगावच्या सेवागिरी यात्रेच्या दिवसांत, निभावून जातं. तोच बैल एप्रिलच्या उन्हात माण, आटपाडी किंवा जतला निभावेलच असं नाही.

पैरा: नाव एकाचं, गाडी दोघांची

मोठ्या मैदानासाठी आयत्या वेळी तगडा पैरा शोधतात आणि दोन नावाजलेले बैल पहिल्यांदा एका जुवाखाली येतात ते थेट गटात. डावीकडचा बैल पुढे खेचू लागला की जू तिरकं होतं आणि गाडी उजवीकडे, म्हणजे हळू बैलाच्या बाजूला वळते. ड्रायव्हर कासऱ्याने सरळ करायला जातो, त्यात वेग मरतो. नाही केली तर गाडी शेजारच्या तासात घुसते आणि बाद होते. म्हणून पैरा निवडताना सर्वात पळणारा बैल नको, आपल्या बैलाच्या वेगाला जुळणारा हवा. दोघांचा खांदाही पाहा: डाव्या खांदीच पळणारे दोन बैल एकत्र बांधले तर एकाला नवख्या बाजूला पळावं लागतं. उंचीत दोन बोटांपेक्षा जास्त फरक असेल तर जू एकाच खांद्यावर बसतं. मैदानाच्या आठ-दहा दिवस आधी त्याच छकड्याला, त्याच ड्रायव्हरसोबत तीन-चार छोट्या फेऱ्या काढा. शेवटचे चार दिवस मात्र नुसतं चालवणं पुरे.

खांदा रोज तळहाताने दाबून पाहायचा. गरम लागला, बैलाने कातडी थरथरवली किंवा मान चोरली, तर ती खांदेसुजीची सुरुवात आहे. वेदनाशामक टोचून पळवणं नियमाबाहेरचं तर आहेच, शिवाय दुखणं झाकलं जातं आणि बैल पूर्ण जोराने त्याच खांद्यावर पडतो.

सुट्टी

सुट्टीमेकर (रेषेवर बैल धरून सोडणारे) दोन असले तरी इशारा एकाचाच असावा. एक बैल क्षणभर आधी सुटला की गाडी पहिल्या पावलालाच तिरकी होते. नावाच्या बैलाभोवती दहा-बारा पोरं जमतात, शेपटीला, शिंगाला हात लावतात; तो तिथेच उसळ्या मारून दम घालवतो. गाडी रेषेवर शक्य तितकी उशिरा न्या.

सावली आणि आवाज

फायनल होते तेव्हा ऊन कललेलं असतं. माणसांच्या आणि मंडपाच्या लांब सावल्या पट्टीवर, म्हणजे पळायच्या वाटेवर, आडव्या पडतात. गुरांना आजूबाजूचं पुष्कळ दिसतं, पण खोलीचा अंदाज कमी येतो, म्हणून आडवी सावली त्यांना खड्ड्यासारखी वाटते आणि पाय बिचकतो. सकाळी याच तासात सुसाट गेलेला बैल संध्याकाळी का अडखळला, त्याचं उत्तर पुष्कळदा हेच. सेमीनंतर बैलाला पट्टीच्या कडेने एकदा फिरवून आणा. निकाल रेषेजवळच्या भोंग्यांची आणि हलगीची सवय घरीच लावावी लागते. मागून टोचून किंवा शेपटी पिरगाळून हे भरून निघत नाही: टोचणीने बैल सरळ पुढेच पळेल असं नाही, बाजूलाही पळू शकतो. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ ला शर्यतींना मान्यता दिली ती राज्याचा कायदा आणि नियम लक्षात घेऊन. चाबूक आणि बॅटरी (विजेचा झटका) त्यात बसत नाहीत.

खुराक

आदल्या रात्री प्रेमाने दुप्पट भरडा, अंडी, उडीद. बैलाच्या पोटातले जंतू नव्या खुराकाला रुळायला दोन-तीन आठवडे घेतात. एकदम धान्य वाढलं की पोटात आम्ल होतं, बैल रवंथ सोडतो, शेण पातळ आणि आंबूस वासाचं होतं. असा बैल गट पास होईल, फायनल नाही. आदल्या दिवशी नेहमीचाच खुराक निम्म्यावर आणा, वैरणीत कडबा ठेवा आणि पळण्याआधी तीन-चार तास काही देऊ नका.

खुरं साळायची ती पंधरा दिवस आधी, आदल्या दिवशी नाही. लांबचा प्रवास असेल तर आदल्या संध्याकाळी पोहोचा.

सगळं करूनही दम भरत नसेल तर

खालची पापणी उलटून पाहा. गुलाबीऐवजी फिकट दिसली तर गोचीड तापाची शंका घ्या आणि रक्त तपासून घ्या. थायलेरिया (गोचिडातून येणारा हा तापाचा जंतू) अंगात मुरलेला बैल खातो-पितो, पण पळताना लवकर थकतो. लाळ्या खुरकूत होऊन गेलेल्या काही बैलांना पुढे ऊन कायमचं सोसत नाही, थोड्या श्रमानेही ते धापा टाकतात. असा बैल नाव कितीही मोठं असलं तरी उन्हाळ्यातल्या ओपन, म्हणजे सर्वांसाठी खुल्या, मैदानात उतरवू नका. थंडीच्या दिवसांत, एकाच पळीच्या मैदानात तो अजूनही पळू शकतो.