हॅकिंग शिकायचंय? सुरुवातीच्या या चुका टाळा

“दादा, हॅकिंग शिकायचंय. काली टाकलंय, पुढे काय?” असा मेसेज मला महिन्यातून चार-पाच वेळा तरी येतो. काली म्हणजे सुरक्षा तपासायची हत्यारं आधीच भरून मिळणारी लिनक्स प्रणाली. मी पुण्यात वेबसाइटींची सुरक्षा तपासायचं काम करतो आणि शनिवारी संध्याकाळी कॉलेजातल्या सात-आठ मुलामुलींना घेऊन बसतो. नवशिके कुठे अडखळतात ते त्यामुळे जवळून दिसतं. पूर्वी मला वाटायचं, तांत्रिक चुका वेगळ्या आणि नीतीच्या चुका वेगळ्या. आता वाटतं, दोन्हींचं मूळ एकच आहे. समजून घ्यायच्या आधी चालवून बघायची घाई. तीच घाई टर्मिनलवर एरर आणते, आणि तीच एखाद्याला पोलीस ठाण्याच्या बाकावर नेऊन बसवते.

दुसऱ्याच्या दारापासून सुरुवात

ही सगळ्यात मोठी चूक. सराव करायला काहीतरी हवं म्हणून मुलं शाळेची वेबसाइट धरतात, सोसायटीतला वायफाय धरतात, मित्राचं इन्स्टाग्राम धरतात. “मी काही बिघडवणार नाही, फक्त बघणार,” हे वाक्य ठरलेलं.

कायद्यात हे ‘फक्त बघणं’ बसत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरण्यालाच गैर धरतं आणि भरपाईची जबाबदारी टाकतं. तेच काम अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं की कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरकारने संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या यंत्रणेत शिरलात तर कलम ७० खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हेतू काय होता हे कोर्टात ठरायचं तेव्हा ठरेल. तोवर लॅपटॉप आणि फोन जप्त झालेला असतो आणि घरच्यांची झोप उडालेली असते.

पण नुसत्या कायद्याच्या धाकाने थांबणारा माणूस कुणी बघत नसलं की पुन्हा सुरू करतो. म्हणून माझीच गोष्ट सांगतो.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या निकालाच्या पोर्टलवर आपला निकाल उघडला की ब्राउझरच्या पत्त्यात शेवटी सीट नंबर दिसायचा. एकदा मी त्यातला शेवटचा आकडा बदलून एंटर दाबलं. पुढच्या नंबरच्या मुलाची गुणपत्रिका समोर आली. लॉगिन माझं, गुण त्याचे. सर्व्हर ‘तू कोण’ एवढंच विचारत होता, ‘हा कागद तुझा आहे का’ हे विचारतच नव्हता. या प्रकाराला आज आयडॉर म्हणतात आणि अजूनही तो जागोजागी सापडतो.

तिथेच थांबून कॉलेजला कळवायला हवं होतं. मी थांबलो नाही. त्या रात्री हॉस्टेलच्या खोलीत सहा जण माझ्या लॅपटॉपभोवती जमले आणि मी एकेक नंबर टाकत गेलो. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे तीन विषय राहिले होते. तिने घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. सकाळी मेसमध्ये नाश्त्याला सगळ्यांच्या तोंडी तेच. ती आठवडाभर लेक्चरला आली नाही. मी पासवर्ड चोरला नव्हता, डेटाबेस उडवला नव्हता, कोडची एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. दोन वर्षांनी मी तिची माफी मागितली. “ठीक आहे,” म्हणाली आणि तिने विषय बदलला.

तेव्हापासून कमांड मारण्याआधी मी दोन गोष्टी विचारतो. हे मशीन कुणाचं? आणि यातली माहिती कुणाची? दोन्हींची उत्तरं बरेचदा वेगळी असतात. पोर्टल कॉलेजचं होतं, गुण तिचे होते. कॉलेजने मला पोर्टल तपासायची परवानगी दिली असती, तरी तिचे गुण खोलीभर दाखवायची परवानगी त्यात नसतीच.

सिद्ध करायला दुसऱ्याचं खातं वापरणं

फेसबुकच्या दोन घटना मी शनिवारच्या मुलांना शेजारी शेजारी ठेवून सांगतो.

पहिली २०१६ ची. पासवर्ड विसरला की फेसबुक सहा आकडी कोड पाठवतं. मुख्य साइटवर थोडे चुकीचे प्रयत्न झाले की पुढे अडवलं जायचं. चाचणीसाठी असलेल्या बीटा पत्त्यावर ही अडवणूक नव्हती, म्हणजे दहा लाख शक्यता ओळीने टाकून बघता आल्या असत्या. आनंद प्रकाश या भारतीय संशोधकाच्या हे लक्षात आलं. सिद्ध करायला त्याने खातं घेतलं ते स्वतःचं. फेसबुकला रीतसर कळवलं, भोक बुजलं आणि त्याला १५,००० डॉलर मिळाले.

दुसरी २०१३ ची. खलील श्रेतेह या पॅलेस्टिनी तरुणाला असं दिसलं, की मित्रयादीत नसलेल्या कुणाच्याही वॉलवर पोस्ट टाकता येते. त्याने कळवलं, पण अहवालात पुरेसा तपशील नव्हता आणि ‘हा बग नाही’ असं उत्तर आलं. वैतागून त्याने थेट मार्क झुकरबर्गच्या वॉलवर पोस्ट टाकली. बग खरा होता, दुरुस्तही झाला. पण खऱ्या लोकांच्या खात्यांवर त्यांच्या परवानगीशिवाय प्रयोग केला म्हणून फेसबुकने बक्षीस नाकारलं. पुढे लोकांनी वर्गणी काढून त्याला दहा हजार डॉलरहून जास्त रक्कम दिली. त्याचा संताप मला कळतो. आपलं म्हणणं कुणी ऐकूनच घेत नाही ही भावना वाईट असते. तरीही मी मुलांना सांगतो, त्याने दोन चाचणी खाती काढून पायरी पायरीने स्क्रीनशॉट दिले असते तर झुकरबर्गच्या वॉलपर्यंत जायची वेळच आली नसती.

घरची प्रयोगशाळा चुकीची जोडणं

सराव घरात करा हे ऐकून मुलं व्हर्च्युअलबॉक्स टाकतात, म्हणजे लॅपटॉपच्या आतच दुसरे आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम, आणि त्यात काली आणि मेटास्प्लॉइटेबल चढवतात. मेटास्प्लॉइटेबल म्हणजे शिकण्यासाठी मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं मशीन. इथवर छान. मग नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘ब्रिज्ड’ निवडतात, कारण त्यावर ‘सगळं चालतं’. ब्रिज्ड ठेवलं की ते कच्चं मशीन राउटरकडून स्वतःचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, घेतं आणि त्या वायफायवरच्या प्रत्येकाला दिसायला लागतं. हॉस्टेलचं किंवा पीजीचं नेटवर्क असेल तर विचार करा. शिवाय एनमॅप हे मशीनची उघडी दारं शोधणारं टूल. आपलंच मशीन शोधायला म्हणून तुम्ही सबनेटवर, म्हणजे नेटवर्कच्या त्या सगळ्या पत्त्यांवर, त्याचा स्कॅन सोडलात तर तो सगळीकडे फिरतो आणि शेजारच्या खोलीतल्या फोनची, प्रिंटरची दारं वाजवून येतो. तुमच्या मनात काही नसतं, पण झालेलं असतं.

दोन्ही मशीन ‘होस्ट-ओन्ली’वर ठेवा, म्हणजे ती फक्त एकमेकांशी आणि तुमच्या लॅपटॉपशी बोलतील. कालीला अपडेट करायला इंटरनेट लागेल तेव्हा त्याला दुसरा अ‍ॅडॉप्टर ‘एनएटी’चा (लॅपटॉपच्या जोडणीतून बाहेर नेणारा) द्या, मेटास्प्लॉइटेबलला देऊ नका. मग मेटास्प्लॉइटेबलमध्ये लॉगिन करून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे उत्तर येतं का ते बघा. उत्तर आलं नाही तर तुमची जोडणी बरोबर आहे.

बाकीच्या दोन तक्रारी पटकन उरकतो. व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन बंद आहे का बघा. आणि कालीत वायफाय दिसत नाही हा बिघाड नव्हे. व्हर्च्युअल मशीनला लॅपटॉपचं इंटरनेट वायरच्या जोडणीसारखंच दिसतं. वायफाय दिसायला वेगळा यूएसबी अ‍ॅडॉप्टर लागतो. तो विकत घेण्याआधी, कुणाच्या वायफायवर वापरणार आहात याचं उत्तर मात्र तयार ठेवा. घरच्या राउटरवर वापरणार असाल तर आईबाबांना सांगून.

बाहेरच्या मशीनवर स्कॅन करून बघायचाच असेल तर एनमॅप बनवणाऱ्यांनी ‘स्कॅनमी’ नावाचं मशीन त्यासाठी उघडं ठेवलंय. तिथली सूचना वाचा. दिवसातून थोडे स्कॅन चालतील, शेकडो नकोत, आणि पासवर्ड फोडायचा प्रयत्न तर नकोच, असं त्यांनी लिहिलंय. परवानगीला कुंपण असतं हे शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

एरर न वाचता पुढचा व्हिडिओ लावणं

ओव्हरदवायर या साइटवर ‘बँडिट’ नावाचा खेळ आहे, फुकट. लिनक्सच्या कमांड शिकत एकेक पायरी चढायची. सुरुवातीच्याच एका पायरीवर पासवर्ड ज्या फाइलमध्ये आहे तिचं नाव आहे नुसता डॅश. आमच्या गटातल्या एका मुलीने नेहमीसारखं कॅट (फाइलमधला मजकूर दाखवणारी कमांड) लिहिलं, पुढे डॅश, एंटर. काहीच आलं नाही. कर्सर लुकलुकत राहिला. तिने कंट्रोल-सी दाबून पुन्हा तेच केलं. चौथ्यांदा म्हणाली, “दादा, सर्व्हर हँग झालाय.”

मी म्हटलं, आता काहीतरी टाइप कर. तिने चिडून ‘अरे’ लिहिलं आणि एंटर दाबलं. खालच्या ओळीत ‘अरे’ परत आलं. पुन्हा काही लिहिलं, तेही परत आलं. मग तिने मॅन्युअल उघडून कॅटचं पान वाचलं आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला. फाइलच्या जागी डॅश दिला की कॅट कीबोर्डकडून मजकूर घेतो. मशीन मुकाट तिची वाट बघत होतं. ती फाइलच आहे हे कॅटला सांगायला तिच्या नावाआधी जागेचा पत्ता द्यायचा, म्हणजे टिंब, तिरकी रेघ आणि मग डॅश.

या एका पायरीवर तिची पस्तीस मिनिटं गेली. उत्तर सांगणारा व्हिडिओ दोन मिनिटांचा असेल. पण प्रोग्राम आपण दिलेल्या अक्षराचा काय अर्थ लावतो हा प्रश्न तिला त्या पस्तीस मिनिटांनी दिला, आणि पुढे एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे फॉर्ममधून डेटाबेसला फसवायचा हल्ला, शिकताना तोच प्रश्न कामाला आला. तिथेही गोष्ट तीच असते: आपण नाव म्हणून लिहिलेलं अक्षर डेटाबेस हुकूम म्हणून वाचतो.

न वाचलेलं टूल चालवणं

‘इन्स्टा हॅकर’ नावाची एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल, टेलिग्रामवरून उतरवणारा मुलगा स्वतःच शिकार असतो. २०२५ च्या जानेवारीत क्लाउडसेक या बंगळुरूच्या कंपनीने असाच प्रकार उघडकीला आणला. एक्सवर्म नावाचं, दुसऱ्याचा संगणक ताब्यात घेणारं हत्यार फुकट बनवून देणारं टूल नवशिक्यांत फिरत होतं. त्याच्या पोटातच मागचं दार होतं. १८ हजारांहून जास्त संगणक अशा रीतीने बाधित झाले आणि भारतातले संगणकही त्यात होते. अनोळखी स्क्रिप्ट चालवायच्या आधी ती उघडून वाचा. वाचून कळत नसेल तर ती चालवायची वेळ अजून आलेली नाही.

आणि स्वतः लिहिलेला प्रोग्रामही ‘बघू काय होतं’ म्हणून सोडू नका. रॉबर्ट टॅपन मॉरिस हा कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी, हुशारीत कुठेच कमी नव्हता. २ नोव्हेंबर १९८८ ला त्याने एमआयटीच्या मशीनवरून एक वर्म, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्राम, इंटरनेटवर सोडला. एखाद्या मशीनवर आपली प्रत आधीच आहे का, हे तो विचारायचा. कुणी खोटं ‘हो’ सांगून त्याला अडवू नये म्हणून सातातून एकदा ‘हो’ आलं तरी तिथे राहायचं, असं त्याने ठरवलं होतं. हे प्रमाण फार जास्त ठरलं. एकेका मशीनवर प्रतींचा ढीग झाला आणि मशीन गुदमरली. ते कसं थांबवायचं याची निनावी सूचना त्याच्या मित्राने पाठवली, पण नेटवर्कच तुंबलेलं असल्याने ती वेळेत पोचलीच नाही. त्या काळच्या इंटरनेटवर सुमारे ६० हजार संगणक होते. त्यातले अंदाजे सहा हजार बाधित झाल्याचं मानलं जातं. शिक्षा झाली ती तीन वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. तो पुढे एमआयटीतच प्राध्यापक झाला. हे मी सांगतो ते धाक घालायला नाही. सातातून एकदा हा आकडा त्याने घरातल्या चार मशीनवर आधी चालवून बघितला असता, तर प्रतींचा ढीग त्याला तिथेच दिसला असता.

चूक झाली असेल तर

हा भाग मी कळकळीने लिहितोय, कारण असे मेसेजही येतात, बहुतेक रात्री. “दादा, मी एका साइटमध्ये शिरलो, आता भीती वाटतेय.”

तिथेच थांबा. आणखी किती उघडतं हे बघायला परत जाऊ नका. आपल्या खुणा पुसायला दुसऱ्याच्या सर्व्हरवरचे लॉग, म्हणजे तिथल्या नोंदी, उडवू नका. त्याने पहिली चूक दुप्पट होते. उतरवलेली माहिती कुणालाही पाठवू नका. “पैसे द्या, मग सांगतो” असा मेल तर कधीच नको, त्या क्षणी तुम्ही खंडणी मागणारे होता. घरातल्या मोठ्या माणसाशी बोला, आणि माहिती लोकांची असेल तर वकिलाशीही. आपल्या कायद्यात सुरक्षा संशोधकांसाठी वेगळी सूट लिहिलेली नाही, म्हणून हे आधी.

पुढे रीतसर काही सापडलं, तर कंपनीचं भोकं कळवण्याचं धोरण आहे का ते शोधा. कोणत्या साइट तपासायच्या आणि कोणत्या नाहीत हे त्यात असतं. ते पाठ होईपर्यंत वाचा. तसं धोरण नसेल तर मुद्दाम तपासायला जाऊ नका. सहज वापरताना काही दिसलंच, तर सर्ट-इन ही भारत सरकारची संस्था अशा सूचना घेते.

अहवाल साध्या भाषेत लिहा. कोणत्या पानावर, कोणत्या तारखेला, काय केलं, काय दिसलं, काय दिसायला नको होतं, आणि तुम्ही कुठे थांबलात. ज्याला तुमच्याइतकं कळत नाही त्यालाही तेच करून बघता यावं. आणि पाठवायच्या आधी स्क्रीनशॉट मोठा करून एकदा नीट बघा. कोपऱ्यात कुणाचं नाव, फोन नंबर किंवा गुण दिसत असतील तर ते काळे करा.