घरचं वाय-फाय बदलण्याआधी मोबाइलचा स्पीड असा तपासा

नाशिकच्या इंदिरानगरात आमच्या गल्लीत रस्ता खोदला की फायबर तुटलीच म्हणून समजा. गेल्या पावसाळ्यात तिसऱ्यांदा तुटली तेव्हा ठरवलं, आता वायर नको, टॉवरवरून येणारं ५जीचं वाय-फाय घ्यायचं. कनेक्शन विकायला आलेल्या मुलाने दारातच स्पीड टेस्ट करून दाखवली. ३१० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ३१० मेगाबिट! पैसे भरायचेच बाकी होते. रात्री आतल्या बेडरूममध्ये तीच टेस्ट माझ्या फोनवर केली, तर काटा १९ वर.

म्हणून पैसे भरण्याआधी दोन-तीन दिवस स्वतः तपासा.

आधी फोनचं वाय-फाय बंद करा. हसू नका, माझ्या मेव्हण्याने चार दिवस मोबाइलचा म्हणून जुन्या ब्रॉडबँडचाच स्पीड मोजला होता. दोन सिम असतील तर डेटा कुठल्या सिमवर चालू आहे ते बघा. व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे फिरवणारं ॲप) आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवा. ज्या कंपनीचं कनेक्शन घ्यायचंय तिचं सिम तुमच्याकडे नसेल, तर शेजारच्या काकूंचा फोन पाच मिनिटं मागून घ्या.

मग ॲप. दूरसंचार नियामक ट्रायचं मायस्पीड आहे, ऊकलाचं स्पीडटेस्ट आहे; काहीच टाकायचं नसेल तर ब्राउझरमध्ये फास्ट डॉट कॉम उघडा. स्पीडटेस्ट आपणहून जवळचा सर्व्हर (ज्याच्याशी डेटा देवघेव करून स्पीड मोजतात तो संगणक) निवडतं आणि तिथे आकडा छान येतो. एकदा सर्व्हर बदलून मुंबई किंवा दिल्लीचा घ्या. आकडा किती खाली येतो ते कळेल.

डेटाचं भान मात्र ठेवा. ८ बिट म्हणजे १ बाइट, त्यामुळे ३०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ३७.५ एमबी. टेस्ट १० सेकंद चालली तरी ३७५ एमबी गेले. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर चार टेस्टमध्ये संपला.

खरी गोष्ट जागेची आणि वेळेची. खिडकीत उभं राहून मोजू नका, निदान फक्त तिथेच नको. टीव्हीजवळ मोजा, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाशी मोजा, स्वयंपाकघरात मोजा आणि गच्चीवरही. आमच्याकडे खिडकी आणि आतली बेडरूम यांत जेमतेम पंधरा पावलं, पण मध्ये दोन भिंती आणि लोखंडी कपाट! वेळेचंही तसंच. दुपारी अर्धी बिल्डिंग अंबड-सातपूरला कामावर असते, तेव्हा टॉवर मोकळा. रात्री साडेआठ ते साडेदहा, सगळे घरी आणि वर क्रिकेटची मॅच, तेव्हाचा आकडा खरा. मी दुधाच्या हिशोबाशेजारी कॅलेंडरच्या चौकटीतच लिहून ठेवत होतो: सकाळी ७, दुपारी ३, रात्री ९.

तीन दिवसांनी त्यातला सगळ्यात मोठा आकडा खोडून टाका आणि रात्रीच्या आकड्यांतला लहानात लहान धरा. एका एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, ४के हवं असेल तर १५ धरा. चौघांच्या घराला रात्रीसुद्धा ४० टिकत असतील तर भागतं. घरून काम करणाऱ्यांनी अपलोड, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या डेटाचा स्पीड बघावा, कारण मीटिंगमध्ये आपला चेहरा गोठतो तो बहुधा तिथेच. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, सतत ५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर उत्तम. एकदा ३०, एकदा २००, असं उड्या मारत असेल तर कॉल तुटक येणार.

फोनचा आकडा म्हणजे घरच्या कनेक्शनचा आकडा नव्हे, हेही लक्षात घ्या. ५जी वाय-फायचा डबा बहुतेकदा बाहेर किंवा गच्चीवर टॉवरच्या दिशेने बसवतात, त्यामुळे तो फोनपेक्षा चांगला सिग्नल पकडतो. उलट प्लॅनच १०० एमबीपीएसचा असेल तर गच्चीवर ३०० दिसून उपयोग नाही. डबा कुठे बसणार, सोसायटीची परवानगी लागेल का, महिन्याची डेटा मर्यादा किती आणि ती संपल्यावर स्पीड किती राहतो, एवढं आधी विचारा. पंचवटीत, रामकुंडाच्या बाजूला राहत असाल तर २०२७च्या सिंहस्थाचाही विचार करा. पर्वणीच्या गर्दीत लाखो फोन त्याच टॉवरांना लागणार. तिथे मी असतो तर वायर काढली नसती.

आणि जुनं कनेक्शन महिनाभर तरी तोडू नका. आमचंही अजून चालूच आहे. परवा डबा बसवायला माणूस आला तेव्हा नेमका पाऊस लागला, त्यामुळे डबा सध्या डायनिंग टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी पडून आहे.