संरक्षण-खरेदीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी: स्वदेशी घटकांचा हिशेब आधी शिका

पुण्यातील संरक्षण क्षेत्राशी संबंधित कंपन्यांत दरवर्षी जे तरुण अभियंते रुजू होतात, त्यांना भांडवली खरेदीचे टप्पे साधारणपणे ठाऊक असतात. माहितीसाठीची विचारणा, सेनादलाने ठरवलेल्या गुणात्मक अपेक्षा, गरजेची स्वीकृती, आरएफपी (कंपन्यांकडून प्रस्ताव मागवणारा दस्तऐवज), तांत्रिक मूल्यमापन, मैदानी चाचण्या, किमतीच्या वाटाघाटी, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी आणि करार हा क्रम संरक्षण खरेदी कार्यपद्धती २०२० मध्ये, म्हणजे ज्याला आपण सगळे डीएपी म्हणतो त्यात, व्यवस्थित दिलेला आहे. तो मी पुन्हा सांगत बसत नाही. हे काम भोसरीतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत शिकताना ज्या गोष्टींनी मला सर्वाधिक छळले आणि ज्या मला वेळेवर कोणीही समजावून सांगितल्या नाहीत, त्यांबद्दल लिहिते.

आधी वर्तमानपत्रांतील मथळ्यांविषयी. संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील संरक्षण खरेदी परिषदेने अमुक हजार कोटींच्या प्रस्तावांना हिरवा कंदील दाखवला, अशी बातमी आली की कंपनीत पेढे वाटले जातात. परिषदेने त्या दिवशी दिलेली असते ती केवळ गरजेची स्वीकृती. ही वस्तू हवी आहे, एवढ्या संख्येने हवी आहे आणि ती कोणत्या प्रवर्गातून घ्यायची, एवढेच तिथे ठरते. कोणाकडून घ्यायची हे ठरलेले नसते आणि पैसेही मंजूर झालेले नसतात. पाषाणच्या एआरडीई या संरक्षण-संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेल्या ‘एटॅग्ज’ या १५५ मिलिमीटर तोफेचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. या ३०७ तोफांसाठी परिषदेची स्वीकृती मार्च २०२३ मध्ये मिळाली. मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची मंजुरी आणि करारावरच्या सह्या मार्च २०२५ मध्ये झाल्या. विकासाचे काम तर २०१३ च्या सुमारासच सुरू झाले होते. ज्या प्रकल्पाकडे सगळ्यांचे लक्ष होते त्याची ही गत असेल, तर तुमच्या कंपनीच्या एखाद्या लहान उपकरणाला स्वीकृतीनंतर सहा महिन्यांत ऑर्डर मिळेल या भरवशावर यंत्रे विकत घेऊ नका, माणसे भरू नका आणि त्याच भरवशावर स्वतःच्या घराचे कर्जही काढू नका.

याच उदाहरणातून पुणेकरांनी लक्षात घ्यावी अशी दुसरी बाब निघते. पाषाणला एआरडीई, सुतारवाडीला एचईएमआरएल, दिघीला आर अँड डीई अशा प्रयोगशाळा शेजारी असल्यामुळे खरेदीचे निर्णयही इथेच होतात असा समज आपल्याकडे सहज होतो. प्रयोगशाळा विकास करते. गरज सेनादलाचे मुख्यालय मांडते आणि खरेदीचा निर्णय दिल्लीत होतो. एटॅग्जच्या विकासात भारत फोर्ज आणि टाटा समूहातील कंपनी हे दोघेही भागीदार होते, तरीही उत्पादनाच्या वेळी दोघांना किंमत-स्पर्धेतून जावे लागले आणि काम साठ-चाळीस असे वाटले गेले. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांशी असलेला स्नेह तांत्रिक समज वाढवतो आणि तो जरूर जपावा, परंतु त्याला ऑर्डरची हमी समजू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. तो जरा पाल्हाळाने सांगणार आहे, आणि त्याबद्दल मला संकोच वाटत नाही, कारण याच जागी मी चांगल्या चांगल्या कंपन्यांचे हाल झालेले पाहिले आहेत.

डीएपी २०२० प्रमाणे भारतात आरेखित, विकसित आणि उत्पादित वस्तूंच्या सर्वोच्च प्राधान्याच्या प्रवर्गात किमान ५० टक्के स्वदेशी घटक लागतो. ‘बाय इंडियन’, म्हणजे भारतीय विक्रेत्याकडून खरेदीच्या, प्रवर्गात आरेखन स्वदेशी असेल तर ५० आणि नसेल तर ६० टक्के लागतो. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. टक्का कशाचा काढायचा आणि कोणत्या थरापर्यंत खाली उतरून काढायचा, हे मात्र फार थोड्यांना नीट माहीत असते. मूळ करारकिंमत, म्हणजे कर व शुल्के वगळून उरणारी किंमत, घ्यायची. तिच्यातून आयात केलेल्या सर्व साहित्याची, सुट्या भागांची आणि जोडणीसंचांची किंमत त्यांच्या वाहतूक व विम्यासह वजा करायची. परदेशी व्यक्ती वा संस्थांकडून घेतलेल्या सेवांचा खर्च आणि देशाबाहेर दिलेली परवाना-शुल्के व स्वामित्वधनही वजा करायचे. हे सारे उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यावर करायचे असते. तुम्ही स्वतः केलेली आयात त्यात येतेच, शिवाय तुमच्या पुरवठादाराने आणि त्याच्याही पुरवठादाराने केलेली आयातही त्यात येते.

समजायला सोपे जावे म्हणून आकडे गोल करून घेते. एका उपकरणाची मूळ किंमत दहा लाख रुपये आहे आणि कंपनीने थेट आयात केलेले भाग साडेतीन लाखांचे आहेत. कागदावर स्वदेशी घटक ६५ टक्के दिसतो आणि सगळे निश्चिंत होतात. त्यात दोन लाखांचा एक पॉवर सप्लाय आहे. तो शेजारच्याच गाळ्यातील उद्योजकाकडून घेतलेला, बिल रुपयांत, त्यावर जीएसटी लावलेला, म्हणून तो पूर्णपणे स्वदेशी धरलेला असतो. त्याच्या आतील सेमीकंडक्टर आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा मिळून १ लाख २० हजारांचा माल बाहेरून आलेला असतो. एकूण आयात ४ लाख ७० हजारांवर जाते आणि ६५ टक्क्यांचे ५३ होतात. बिल रुपयांत आहे आणि विक्रेता पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या तपकीर गल्लीतला आहे, एवढ्याने वस्तू स्वदेशी ठरत नाही. कनेक्टर विकणारा व्यापारी तर आपली आयात-किंमत सांगायलाच तयार नसतो. “मॅडम, ते आम्ही कोणालाच दाखवत नाही,” हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकले आहे की आता ते ऐकल्याबरोबर मी त्या मालाची संपूर्ण रक्कम परकी धरते आणि पुढच्या ओळीकडे वळते.

तरीही ५३ टक्के म्हणजे अट पूर्ण झाली, असे तुम्हाला वाटेल. खरा सापळा इथून पुढे आहे. निविदा भरण्याच्या आदल्या रात्री, सर्वांत कमी दर आपलाच असावा म्हणून, मालक दहा लाखांचे नऊ लाख करतात. कमी झालेले एक लाख रुपये कशातून गेले? परदेशी पुरवठादाराने तर काहीच कमी केलेले नाही. ते गेले आपल्या नफ्यातून आणि आपल्या कामाच्या मोलातून, म्हणजेच स्वदेशी हिश्श्यातून. आयात ४ लाख ७० हजारच राहिली आणि किंमत नऊ लाख झाली. स्वदेशी घटक ४७.८ टक्क्यांवर आला आणि कंपनी अटीच्या खाली गेली. उपकरणातला एक स्क्रूही बदललेला नाही. दर उतरवणाऱ्यांसमोर किमतीचा तक्ता असतो आणि तांत्रिक प्रस्तावात स्वदेशी घटकाचा आकडा लिहिणारे दुसऱ्याच खोलीत बसलेले असतात, त्यामुळे ही घसरण त्या रात्री कोणाच्याच लक्षात येत नाही. सर्वांत कमी दर ठरलेल्या कंपनीशी वाटाघाटी होऊन किंमत आणखी उतरली, किंवा दरम्यानच्या काळात रुपया घसरला, तरी हाच परिणाम होतो.

मी तेव्हा ज्या कंपनीत होते तिथे नेमके हेच घडले होते आणि करार झाल्यानंतर पुरवठादारांकडून प्रमाणपत्रे गोळा करण्याचे काम सर्वांत नवी म्हणून माझ्याकडे आले. तूट भरून काढण्यासाठी आयात भागांना देशी पर्याय शोधायला लागलो, तेव्हा कळले की पर्याय मिळणे हा त्यातला सोपा भाग आहे. भाग बदलला की जेएसएस ५५५५५ या लष्करी उपकरणांच्या चाचणी-मानकाप्रमाणे तापमान, कंप, आर्द्रता वगैरे चाचण्यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, गुणवत्ता-हमी यंत्रणेची संमती घ्यावी लागते, आणि तोपर्यंत पुरवठ्याच्या तारखा पुढे सरकून विलंबाची दंडवसुली सुरू होते. स्वदेशी घटकाचे दावे तपासण्याचा अधिकार मंत्रालयाला असतो आणि तूट आढळली तर दंडाची तरतूद आहे. त्या महिन्यांत घरी जाताना नाशिक फाट्याच्या गर्दीतही माझ्या डोक्यात तेच आकडे फिरत असत, आणि आजही एखादा नवा अभियंता मला “आपला आयसी (म्हणजे स्वदेशी घटक) भरपूर आहे” असे सांगतो, तेव्हा माझा पहिला प्रश्न “कोणत्या किमतीवर?” हाच असतो.

म्हणून माझा आग्रह असा आहे की स्वदेशी घटकाचा तक्ता किमतीच्या तक्त्याशी सूत्राने जोडलेलाच असला पाहिजे. दर बदलला की टक्का आपोआप बदलून समोर दिसला पाहिजे. अटीपेक्षा किमान सात-आठ टक्के जास्त असल्याशिवाय निविदा भरू नये, असे माझे मत आहे. काही अनुभवी लोकांना ते अतिसावध वाटते, पण मी त्यावर ठाम आहे. पुरवठादाराचे प्रमाणपत्र दर ठरवतानाच मागावे, कारण ऑर्डर हातात पडल्यावर त्याला ते देण्याची घाई उरत नाही.

मार्गदर्शकांविषयीही स्पष्ट लिहिते. निवृत्त लष्करी अधिकारी सल्लागार म्हणून लाभणे हे भाग्य आहे. गुणात्मक अपेक्षांमधील एखादी ओळ का लिहिली गेली आणि राजस्थानच्या उन्हात किंवा उंच डोंगरात जवान ते उपकरण कसे हाताळणार, हे त्यांच्याइतके नेमके कोणीही सांगू शकत नाही. किमतीचा हिशेब मात्र त्यांना विचारू नका. तो कंपनीतल्या जुन्या कॉस्ट अकाउंटंटकडून आणि खरेदी विभागातल्या ज्येष्ठ माणसाकडून शिका, जरी त्यांना डीएपीचे पूर्ण नाव सांगता येत नसले तरी. आणि “दिल्लीत आपली ओळख आहे, फाइल हलवून देतो” असे म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहा. मोठ्या करारांत सचोटीचा करारनामा, म्हणजे लाच देणार-घेणार नाही अशी लेखी हमी, असतो, मध्यस्थाला टक्केवारी दिल्याचे उघड झाले तर कंपनीवर बंदी येऊ शकते आणि त्या कागदपत्रांवर सही कदाचित तुमची असेल. जुन्या निविदेतील उत्तरे उचलून नव्या निविदेत चिकटवण्याचा उपायही मला धोक्याचा वाटतो. प्रत्येक अटीपुढे ‘पूर्तता आहे’ असे लिहिणे सोपे असते, पण तांत्रिक मूल्यमापन समिती त्या प्रत्येक अटीचा पुरावा मागते.

चाचण्यांची धास्ती मात्र बाळगू नका. त्या विनाखर्च-विनाबांधिलकी तत्त्वावर होतात, म्हणजे उपकरण, माणसे आणि वाहतूक सगळे आपल्या खर्चाने न्यावे लागते आणि त्या बदल्यात ऑर्डरचे वचन मिळत नाही. लहान कंपनीचे खेळते भांडवल इथे अडकते, याची तयारी वर्षभर आधी करायला हवी. चाचणी घेणारे अधिकारी कठोर असतात, पण ते शत्रू नसतात. उपकरण मैदानात बंद पडले तर तांत्रिक कारण लपवू नका, ते नीट लेखी मांडा. प्रामाणिक आणि अभ्यासपूर्ण स्पष्टीकरणाचा आदर केला जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

हे सगळे वाचून उमेद खचली असेल, तर सुरुवात लहान कामांपासून करता येते. सुटे भाग, दुरुस्ती आणि नेहमीची सामग्री यांची खरेदी महसुली खर्चातून होते. तिला डीएपी लागू होत नाही. तिची नियमावली वेगळी आहे आणि तिची नवी आवृत्ती १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. आयात होणाऱ्या भागांची यादी देणाऱ्या ‘सृजन’ पोर्टलवर आपल्या यंत्रशाळेत बनू शकेल असे काही ना काही सापडते. नव्या कल्पना असणाऱ्या स्टार्टअपसाठी २०१८ पासून ‘आयडेक्स’ योजना आहे आणि तिच्या मूळ स्पर्धांत दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. अशा कामात आठ-दहा भागांच्या यादीवर स्वदेशी घटकाचा हिशेब हाताने करून पाहता येतो आणि शेकडो भागांच्या यादीला हात घालण्यापूर्वी तो अंगवळणी पडतो.

डीएपीची मूळ प्रत संरक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. ती दुरुस्त्यांसह वाचावी, कारण २०२५ मध्ये तिच्या पुनरावलोकनासाठी समिती नेमली गेली आहे आणि आकडे व अटी बदलू शकतात. तुमच्या हातातील आरएफपी ज्या आवृत्तीखाली निघाली असेल, स्वदेशी घटकाची व्याख्या त्याच आवृत्तीतील धरावी. ती व्याख्या ज्या पानावर आहे ते पान छापून किमतीच्या तक्त्यासोबत ठेवावे आणि दर उतरवण्याच्या त्या शेवटच्या बैठकीत ते मालकांच्या समोर असू द्यावे.