अपील टाकलं, पण कोर्टाने ऐकायच्या आधीच रद्द झालं? या चुका टाळा

गेल्या पावसात गोव्यातल्या पेडण्याची एक मावशी भेटली, प्लास्टिकच्या पिशवीत निकालाची कॉपी, मुलगा कोलवाळच्या जेलमध्ये. वकिलाने 'अपील टाकलंय' सांगितलेलं म्हणून ती सुनावणीची वाट बघत होती. बघितलं तर त्या अपीलाला नुसता स्टॅम्प नंबर, म्हणजे रजिस्टर होण्याआधीचा तात्पुरता नंबर पडलेला, कोर्टाच्या ऑफिसने काढलेली ऑब्जेक्शन्स, म्हणजे कागदांतल्या त्रुटी, तशीच, आणि कोर्टाने 'अमुक तारखेपर्यंत दूर करा, नाहीतर अपील आपोआप रद्द' अशी ऑर्डर दिलेली, ती तारीखसुद्धा उलटून गेलेली. पोराची बाजू कोणी ऐकलीच नव्हती. अजून मनातून जात नाही ते.

म्हणून पहिली गोष्ट, टाकलं म्हणजे रजिस्टर झालं असं धरू नका. वकिलाकडून सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख नंबर, मागून घ्या, 16 अक्षर-आकड्यांचा असतो, ई-कोर्ट्सच्या ॲपवर घालून दर आठवड्याला स्वतः बघा.

आता दिवसांचा हिशेब, सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. म्हापसा, डिचोली, फोंडा कुठल्याही मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली तर साधारणपणे सेशन्स कोर्टात 30 दिवसांत जायचं, सेशन्स कोर्टाने दिली तर पर्वरीच्या हायकोर्टात 60 दिवसांत, फाशी असेल तर तिथेही 30च. सर्टिफाइड कॉपी मिळवायला लागलेले दिवस यातून वजा होतात, पण त्या कॉपीवरचा शिक्का नीट वाचा, अर्ज कधी केला, कॉपी तयार कधी झाली, नेली कधी, अशा तीन तारखा असतात. वजा होतात ते अर्जापासून कॉपी तयार होईपर्यंतचे दिवस, तयार झाल्यावर तुम्ही पंधरा दिवसांनी आणायला गेलात तर ते पंधरा तुमच्याच खात्यात. शेवटचा दिवस चवथीच्या सुट्टीत आला तर कोर्ट उघडेल त्या पहिल्याच दिवशी टाकायचं, दुसऱ्या नाही.

उशीर झालाच तर अपीलासोबत उशीर माफीचा अर्ज लागतो, नाहीतर गाडी पुढे सरकतच नाही. त्यात 'तब्येत बरी नव्हती' एवढ्यावर भागत नाही, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत काय झालं ते ॲफिडेव्हिटवर, हॉस्पिटलचे कागद जोडून.

ऑब्जेक्शन्स बहुतेक वेळा अगदी साधी असतात हो, वकालतनाम्यावर (वकील नेमल्याच्या कागदावर) कैद्याची जेल अधिकाऱ्यासमोर घेतलेली सही नाही, झेरॉक्स वाचता येत नाही आणि टाईप कॉपी जोडलेली नाही, कोकणी-मराठी किंवा जुन्या पोर्तुगीज कागदाचं इंग्रजी भाषांतर नाही, पानांचे नंबर इंडेक्सशी जुळत नाहीत. एका दिवसाचं काम, पण ते कोणाचं, वकिलाचं, क्लार्कचं की घरच्यांचं, हेच ठरत नाही. पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

आणि अपीलाच्या मुद्द्यांमध्ये 'निकाल चुकीचा आहे' एवढंच लिहू नका, पुरेसं कारण दिसलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 425 खाली कोर्ट सुरुवातीलाच अपील फेटाळू शकतं.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कैदी जेल सुपरिंटेंडेंटकडे अपील देऊ शकतो, तो ते पुढे कोर्टात पाठवतो, कलम 424 मध्ये तशी सोय आहे. कोठडीतल्या माणसाला, तसंच कुठल्याही बाईला मोफत वकील मिळतो, हेल्पलाईन 15100.

तरी रद्द झालंच तर आधी ऑर्डरची कॉपी घ्या आणि कशामुळे झालं ते बघा. वकील हजर नव्हता एवढ्याच कारणावर झालं असेल तर बनी सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये स्पष्ट सांगितलंय, क्रिमिनल अपील गैरहजेरीवर फेटाळता येत नाही, रेकॉर्ड बघून गुणदोषावरच निकाल द्यायचा. ऑब्जेक्शन्समुळे झालं असेल तर ती सगळी दूर करून, उशिराचं कारण देऊन, अपील परत फाईलवर घ्यायचा अर्ज त्याच कोर्टात करायचा. मावशीसाठी तेच केलं, अडलेलं होतं फक्त दोन पानांचं भाषांतर. गुणदोषावर फेटाळलं असेल तर मात्र तेच कोर्ट स्वतःचा निकाल बदलत नाही, सेशन्स कोर्टाचा असेल तर 90 दिवसांत हायकोर्टात रिव्हिजन, म्हणजे निकाल तपासून बघायचा अर्ज, हायकोर्टाचा असेल तर साधारणपणे 90 दिवसांत सुप्रीम कोर्टात स्पेशल लीव्ह, म्हणजे अपीलाची खास परवानगी मागायचा अर्ज, आणि ते दिवस मोजायला त्याच दिवशी सुरुवात करा.