केपेची बंदूक मुळात चकमकीची होती का, हे कसं ओळखावं

गोव्यात सत्तरी-सांग्याकडच्या जुन्या घरांत ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची, बंदूक अजून दिसते, आणि ती बहुधा केपेची असते. केप म्हणजे निपल नावाच्या बारीक नळीवर बसणारी, घोड्याच्या ठोक्याने पेटणारी छोटी टोपी. यातल्या काही जन्माने चकमकीच्या, म्हणजे गार पोलादावर आपटून ठिणगी पाडणाऱ्या. १८२० नंतर केप रुळली तेव्हा नवी बंदूक घेण्यापेक्षा जुनीचाच चाप (दारू पेटवणारी बाजूची यंत्रणा) बदलून घेणं स्वस्त पडायचं. ‘परत चकमकीची करून घेऊ’ म्हणण्याआधी ती मुळात काय होती ते बघा.

त्याहीआधी बार भरलेला नाही ना, ते पाहायचं. निपलवर केप नाही याची खात्री करा. बारीक लाकडी काठी नळीत तळापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा, काढून नळीला बाहेरून लावा. टोक साधारण निपलपर्यंत यायला हवं. चार-पाच बोटं अलीकडे थांबलं तर आत बार आहे असंच धरा. काही नळ्यांचा तळ अरुंद असतो, जाड काठी तिथेच अडते. म्हणून काठी बारीक हवी. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. ठोकू नका, तापवू नका, ड्रिल लावू नका. परवानाधारक कारागिराकडे द्या.

नळी रिकामी असेल तर घोडा अर्ध्यावर ठेवून चापाचे आडवे स्क्रू तीन-चार फेरे सैल करा आणि त्यांच्या डोक्यांवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. चाप सुटून येतो. कडेने उचकटलात तर लाकूड चिरतं. जुने स्क्रू एकमेकांच्या जागी बसत नाहीत, तेव्हा कुठला कुठे होता ते लिहून ठेवा.

आता चापाच्या लोखंडी पट्टीची आतली बाजू बघा. चकमकीच्या चापावर रंजकाची (आधी पेटणाऱ्या दारूची) वाटी, ठिणगी पाडणारं पोलाद आणि त्याची स्प्रिंग असते. ती काढल्यावर उरलेली भोकं लोखंडाने बुजवतात. बाहेरून ती घासून सपाट केलेली असली तरी आतून गोल कड्या दिसतात. पट्टीच्या वरच्या कडेला वाटीची अर्धगोल खाच राहिली असेल तर प्रश्नच मिटला. पावसाळ्याआधी खाऱ्या हवेचा गंज घालवायला अनेकजण पॉलिश कागद फिरवतात. त्यात नेमक्या याच खुणा पुसल्या जातात. तेल आणि अगदी बारीक स्टील वूल पुरे.

नळीच्या बाजूला आडवं नळकांडं फिरवून बसवलेलं आणि त्यावर निपल असेल, तर ते बहुधा जुना कान (वाटीतली आग नळीत नेणारं छिद्र) रुंद करून बसवलेलं असतं. बंदूक परत चकमकीची करण्यातली खरी अडचण हीच. कान दीड-दोन मिलिमीटरचा लागतो, आणि हाती उरतं त्याच्या कितीतरी पट मोठं आटे पाडलेलं भोक. त्यात नवी बुशिंग (भोक भरायची आट्यांची पुंगळी) सैल बसली तर बार उडताना ती बाजूला उभ्या माणसाच्या अंगावर येते. शिवाय ठिणगीचं नवं पोलाद नीट कडक केलेलं नसेल तर गार त्यावर नुसते ओरखडे काढते, ठिणगी पडत नाही. त्यावर कानस फिरवून बघा: घसरली तर कडक, चावली तर मऊ.

कुणी ‘अस्सल चकमकीची’ म्हणून दाखवली तर कान आणि वाटी बघा. वापरलेल्या बंदुकीत कान झिजून रुंदावतो, वाटीत खड्डे पडतात. कान कोरा आणि वाटी गुळगुळीत असेल तर काम अलीकडचं समजा.

बंदूक बाळगायचा परवाना असला तरी तिच्यात बदल करायची मुभा त्यात येत नाही; शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ खाली त्याला वेगळा परवाना लागतो. गावच्या लोहाराकडे नेलीत तर तोही अडकतो, तुम्हीही.