अमेरिकेत पोलीस रेघेवर चालवतात, तेव्हा चुका कशा मोजतात

परभणीत माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. शिकायला अमेरिकेला निघालेली पोरं हमखास विचारतात, "सर, गाडी चालवणारा प्यायलाय का हे बघायला तिकडं पोलीस रेघेवर चालायला लावतात म्हणे. त्यात पास-नापास कसं ठरतं?" आपल्याकडं मशीनमध्ये फुंकायचं, १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर दारू निघाली की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागलंच. तिकडं बहुतेक राज्यांत ही मर्यादा ८० आहे, युटात ५०. आणि फुंकण्याआधी बऱ्याचदा ही कवायत.

माणूस किती झोकांड्या खातो यावर पोलीस अंदाज बांधत नाही, ठरलेल्या चुका मोजतो. चालताना अंगठ्याला टाच भिडवत, मोठ्यानं मोजत नऊ पावलं जायचं, वळायचं, नऊ पावलं परत. चुका आठ, आणि त्यातल्या दोन भरल्या की नापास. गंमत म्हणजे पहिल्या दोन चुका चालायच्या आधीच होतात: डावा पाय रेघेवर, त्यापुढं उजवा, असं उभं राहून सूचना ऐकताना तोल गेला तर एक, "सुरू करा" म्हणायच्या आत पाऊल टाकलं तर दुसरी. म्हणजे न चालताच कारभार आटोपला! बाकीच्या सहा म्हणजे मधेच थांबणं, टाच-अंगठ्यात अर्धा इंच किंवा जास्त फट, रेघ सोडणं, हात सहा इंच किंवा जास्त उचलणं, पावलं कमी-जास्त होणं आणि चुकीचं वळणं. एकच चूक चारदा केली तरी एकच धरतात.

वळण्यात आपली पोरं हटकून अडकतात. मैदानावर फक्की मारून करून बघितलं, तर एनसीसीच्या पोरानं ऐटीत 'पीछे मूड' केलं. चूक. पुढचा पाय रेघेवरच ठेवून दुसऱ्या पायानं बारीक पावलं टाकत फिरायचं असतं.

दुसरी चाचणी एका पायाची. दुसरा पाय सहा इंच वर, हात अंगाला, ३० सेकंद. डुलणं, हात उचलणं, उडी मारणं, पाय टेकवणं या चारपैकी दोन झाल्या की झालं. डोळ्यांच्या चाचणीत बुबुळ हिसके देतं का ते बघतात, सहापैकी चार खुणा पुरतात. ते काही आपल्या हातात नाही.

१९८१ च्या मूळ अभ्यासात चालीवरून केलेला निवाडा शंभरात ६८ वेळा बरोबर निघाला, एका पायावरचा ६५ वेळा. म्हणजे न पिणाराही सापडू शकतो. (एकानं विचारलं, "पिऊन प्रॅक्टिस करू का?" त्याला तिथूनच घरी धाडलं.)

गुडघा, कंबर किंवा कानाचं दुखणं असेल, वय ६५ च्या वर असेल, तर सुरुवातीलाच सांगा. टाच दोन इंचांहून उंच असेल तर चप्पल काढू द्या म्हणा. सूचना कळली नाही तर बिनदिक्कत पुन्हा विचारा, आणि तोवर पाय जागचा हलवू नका.